जाऊबाईंची रेघ

आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती पेटली, की आमच्या घरात चांदण्यांच्या आकाराची बिस्किटे भाजली जात. नेवऱ्या, कुलकुल ही कामे आम्हां दोघी धाकट्या जावांची. बिस्किटांवरचे पांढरे आयसिंग मात्र थोरल्या जाऊबाईंचे. वीस वर्षे त्यांनी आम्हांला कोनाला हात लावू दिला नाही. आम्ही बशा पुसायच्या आणि कौतुक करायचे! याचा सल आमच्या मनात होता, हे येथे प्रांजळपणे कबूल केलेले बरे.

२०१९ च्या पावसाळ्यात जाऊबाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाणी जड झाली. त्या वर्षी कोन आपसूक आमच्या हाती आला. तो अशा रीतीने यावा, अशी आमची इच्छा खचितच नव्हती.

साहित्य ते काय! दोन अंड्यांचा पांढरा भाग, साधारण साडेतीनशे ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर आणि लिंबाच्या रसाचे काही थेंब. परंतु पहिल्याच दिवशी मिश्रण फुगेना. ज्या भांड्यात आदल्या दिवशी तूप होते, तेच आम्ही वरवर विसळून घेतले होते. स्निग्धतेचा अंश जरी राहिला, तरी अंड्याचा पांढरा भाग हवा धरीत नाही. दुसऱ्यांदा भांडे लिंबाने पुसून घेतले. मिश्रण छान फुगले, पण घट्ट झाले. तेव्हा आम्ही घाईने चमचाभर पाणी ओतले. पाणी थेंबाथेंबाने घालावयाचे असते! चांदणीच्या पाचही टोकांवरून आयसिंग ओघळून ताटात उतरले. मग साखर, मग पुन्हा पाणी, असा खेळ चालला. तेवढ्यात भांड्यावर ओले फडके टाकण्याचे राहून गेले, वर साय धरली आणि तिच्या कणांनी कोनाचे तोंड बुजले.

जाऊबाई खिडकीपाशी खुर्चीत बसून हे सारे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता, तर आम्हांला सोपे गेले असते.

"सुरी," त्या म्हणाल्या.

डाव्या हाताने त्यांनी भांड्यातल्या आयसिंगमध्ये एक रेघ ओढली आणि 'नमो मरिया' म्हणावयास प्रारंभ केला. आम्ही चकित झालो. वीस वर्षे त्या आयसिंग करताना ओठ हलवीत, ते आम्ही केवळ भक्तीचे लक्षण समजत होतो. ते त्यांचे घड्याळ होते! येशूच्या नावापाशी पोहोचेतो रेघ मिटून पृष्ठभाग सपाट झाला, तर ते आयसिंग चांदणीचे पोट भरण्यास योग्य. प्रार्थना संपताना मिटली, तर कडेची रेषा काढण्यास योग्य. त्याआधीच मिटली, तर पातळ झाले, चमचाभर साखर घाला. फुलांसाठी मात्र रेघ मिटताच कामा नये, सुरी उचलल्यावर टोक उभे राहिले पाहिजे. ही रीत त्यांनी आम्हांला कधी सांगितली नव्हती. आम्हीही कधी विचारले नव्हते.

त्यांच्या प्रार्थनेच्या मापाने आम्ही पाणी बेतले आणि पहिल्या बारा चांदण्या भरल्या. भरलेले आयसिंग सपाट होईना. कोनाच्या वळ्या तशाच दिसत राहिल्या, जणू नांगरलेले शेतच. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. कारण उमगले होते. आजारानंतर जाऊबाईंचा प्रत्येक शब्द सावकाश येत होता. येशूच्या नावापर्यंत यावयास त्यांना पूर्वीच्या दुप्पट वेळ लागत होता आणि तेवढ्या वेळात घट्ट आयसिंगची रेघही मिटत होती. पण हे त्यांना सांगावे कोणी? आम्ही गुपचूप दोन थेंब पाणी वाढवावयास निघालो.

जाऊबाईंनी ताटाकडे पाहिले, मग आमच्याकडे.

"माझी प्रार्थना लांबली गं आता," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणा."

आम्ही म्हटली. आमचा आवाज प्रथम नीट फुटेना. त्यांनी पुन्हा रेघ ओढली, आम्ही थेंब थेंब पाणी घातले आणि चौथ्या खेपेला ती बरोबर नावापाशी मिटली. पुढे एकदा धाकटीने घड्याळ लावून पाहिले, तर आठ-नऊ सेकंद भरले. चांदण्या रात्रभर पंख्याखाली वाळल्या.

आता आम्ही कच्च्या अंड्याऐवजी मेरँग पावडर वापरतो, कारण बिस्किटे शेजारच्या वृद्धांकडे व लहान मुलांकडेही जातात. जाऊबाईंना ती पावडर पसंत नाही. चकाकी कमी येते, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला तसे वाटत नाही, पण आम्ही वाद घालीत नाही. सुरी अजून त्यांच्याच डाव्या हातात असते. प्रार्थना आम्ही म्हणतो आणि मध्येच आमची गती वाढली, की त्या सुरीची मूठ भांड्यावर आपटतात.