मागून घेतलेली जागा

बजाजनगरातल्या त्या घराला आतला जिना 16 पायऱ्यांचा. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या आणि न्हाणीघर. पंचवीस वर्षे कोणालाही त्यात काही उणे वाटले नाही. मग 86 वर्षांच्या बाईसा पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितले, "आता जिना बंद." त्या एका वाक्याने घराचा नकाशाच चुकीचा ठरला.

वाळूजला 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्यामागोमाग इतर कारखाने आले. कामगारांच्या वस्तीसाठी बजाजनगर वाढले आणि जिथे पगार होतो तिथे दुकान चालते, या हिशेबाने अनेक व्यापारी कुटुंबे गावाकडची पेढी आवरून इथे आली. बाईसांचे चिरंजीव, ज्यांना सारी गल्ली बाबूजी म्हणते, त्यांतलेच एक. आधी भाड्याच्या गाळ्यात किराणा, मग एका गृहनिर्माण संस्थेतले हे घर, दुसऱ्याकडून विकत घेतलेले.

मुलाने उपाय लगेच काढला. घरासमोरच्या मोकळ्या जागेत एक खोली आणि न्हाणीघर. मिस्त्रीने पंधरा दिवसांचा वायदा केला.

"परवानगी?" बाबूजींनी विचारले.

"बाबूजी, या गल्लीत पुढची जागा मोकळी ठेवलेलं एक तरी घर मला दाखवा."

बाबूजींनी उत्तर दिले नाही. तिजोरीतून कागदांची पिशवी काढली आणि एवढेच म्हणाले, "घर आपलं आहे. जमीन आपली नाही."

हे वाक्य ऐकायला कठोर असले तरी अक्षरशः खरे आहे. औद्योगिक विकास महामंडळ जमीन विकत नाही, ती 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. संस्थेने ती महामंडळाकडून घेतली आणि सभासदाचा हक्क संस्थेकडून आला. घराची किंमत मोजली, मुद्रांक शुल्क भरले, तरी पायाखालची माती पट्ट्याचीच. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 सालचा आहे. त्याच्या कलम 108 मध्ये सांगितले आहे की, करारात वेगळे ठरले नसेल तर, शेतीचे कारण वगळता पट्टेदाराने मालकाच्या संमतीवाचून त्या जागेवर कायमचे बांधकाम करू नये. जागा ज्या कारणासाठी दिली त्याखेरीज दुसऱ्या कारणासाठी वापरू नये, हेही त्याच कलमात आहे. शिवाय औद्योगिक क्षेत्रात महामंडळ केवळ मालक नसते, नियोजन प्राधिकरणही असते. म्हणजे एकाच दारात दोनदा विचारावे लागते: मालक म्हणून तुमची हरकत आहे का, आणि नियमांत हे बांधकाम बसते का. पहिल्याचा होकार म्हणजे दुसऱ्याची मंजुरी नव्हे. त्यात घरावर कर्ज असले तर गहाण घेणाऱ्या बँकेची संमती वेगळी.

बाबूजींनी रीतसर मार्ग धरला. संस्थेचे ना हरकत पत्र मिळाले. आर्किटेक्टने येऊन मोजमाप घेतले आणि तिथेच पहिला खडा लागला. मागच्या बाजूची पत्र्याची मोरी मंजूर नकाशात नव्हतीच. आधीच्या मालकाने ती सामासिक अंतरात, म्हणजे नियमाने मोकळ्या ठेवायच्या पट्टीत, बांधली होती. घर घेताना या कुटुंबाने दर पाहिला, पाणी पाहिले, शेजार पाहिला. मंजूर नकाशा उघडून भिंतींशी ताडून पाहिला नाही. दुसऱ्याची चूक विकत घेतली गेली होती आणि आता तीच आपली झाली होती. दुसरा खडा त्याहून मोठा. पुढची जागाही सामासिक अंतरातलीच, तिथे खोली मंजूर होणार नाही, असे आर्किटेक्टने स्पष्ट सांगितले.

दिवस जात राहिले. बाईसांची खाट बैठकीत, भोवती जुन्या लुगड्याचा पडदा. गिऱ्हाईक, पाहुणे, गॅसवाला, सारे त्या पडद्यापलीकडून बोलत. दर दोन दिवसांनी नातू आजीला उचलून वर स्नानाला नेई. ज्या बाईने आयुष्यभर कोणासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, ती नातवाच्या हातांवर डोळे मिटून घेई. एका संध्याकाळी ते पाहून बाबूजी उठले आणि त्यांनी स्वतःच मिस्त्रीला फोन लावला. "उद्या ये."

पडद्याआडून बाईसांनी हाक मारली. "गावाच्या घरी साध्वीजी यायच्या, आठवतं? ओसरी रिकामी, दार सताड उघडं, तरी विचारल्याशिवाय टेकायच्या नाहीत. सुई नेली तर काम झाल्यावर आणून द्यायच्या. मला तेव्हा वाटायचं, एवढं काय विचारायचं? आपण का नाही म्हणणार होतो?" थोडे थांबून त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी न विचारता काही बांधू नकोस."

आपल्या परंपरेत यालाच अवग्रह म्हणतात. साधूने ज्या जागी राहायचे त्या जागेची अनुज्ञा आधी मागायची. ती कोणाकोणाची, याचेही पाच प्रकार शास्त्रात आहेत: देवेंद्राची, राजाची, गृहपतीची, घरमालकाची आणि आधीपासून तिथे उतरलेल्या साधर्मिकांची. श्रावकाला एवढे कडक पालन सांगितलेले नाही. मात्र न दिलेले घेऊ नये, हे अणुव्रत त्यालाही आहे. आपण ते तराजूला लावतो, वहीला लावतो, भिंतीला लावायचे राहून जाते.

मिस्त्री आला नाही, त्याला परत फोन गेला होता. पुढच्या खोलीचा विचार सोडून नवा नकाशा झाला. बैठकीत आडवी भिंत घालून नऊ फूट बाय आठ फूट खोली आणि जिन्याखालच्या जागेत न्हाणीघर. मागची मोरी पाडली. अर्ज, शुल्क, एक त्रुटीपत्र, त्याची पूर्तता, असे करत मंजुरी हाती आली तेव्हा बाईसांना घरी आणून पाच महिने झाले होते. कामाला मात्र अठराच दिवस लागले.

बैठक आता इतकी लहान झाली आहे की चार पाहुणे आले तर पाचवा जिन्यावर बसतो. बाईसा चौकटीच्या आधाराने, कोणाच्या हातावाचून, स्वतःच्या खोलीतून स्वतःच्या न्हाणीघरात जातात.

मुलगा आजही म्हणतो, "ते पाच महिने बाईसांचे गेले, बाबूजी. शहाऐंशीव्या वर्षी पाच महिने थोडे नसतात." बाबूजींजवळ याला उत्तर नाही आणि ते तसे मान्यही करतात. ते इतकेच सांगतात की, नकाशा घर घेतानाच पाहिला असता तर त्यांतला बराच काळ वाचला असता. तिजोरीतल्या पिशवीत आता भाडेपट्ट्यासोबत मंजूर नकाशाची प्रतही आहे. परवा दुकानाला पुढे पत्रे टाकायची गोष्ट निघाली, तेव्हा ती पिशवी मुलानेच काढली.