क्रेनच्या पायाखालची जमीन

देवळी तालुक्यातल्या एका नाल्यावर गर्डर चढवायचे होते. पाऊस सरून महिना होत आला होता, वरून जमीन वाळलेली दिसत होती. मुकादमाने बारा एमएमची सळई हातानेच दाबली, ती ढोपराएवढी आत गेली. काळी कसदार माती, कापसाची. उन्हाळ्यात हिच्यावर टिकाव उडतो आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी प्याली की फुगते आणि लोण्यासारखी होते. समृद्धी महामार्ग, वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वे, देवळीचं 765 केव्हीचं उपकेंद्र अशी मोठी कामं वर्धा जिल्ह्यात झाली, होताहेत. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी क्रेन उभी करणाऱ्याला या मातीशी आधी बोलणी करावी लागतात.

आमच्या धंद्यात एक गोष्ट मला कधीच पटलेली नाही. गर्डरच्या एकेका सळईचं ड्रॉइंग असतं, तपासणी असते, सही-शिक्का असतो. ज्या जमिनीवर उभी राहून क्रेन तो गर्डर उचलणार, तिच्यासाठी मात्र तोंडी आदेश: ‘चार हायवा मुरूम टाका, रोलर फिरवा.’ कारण काय, तर ते काम टेम्पररी. क्रेन कलंडते तेव्हा ती काही टेम्पररी कलंडत नाही.

या वेळी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. उचलताना क्रेनच्या एका पायावर, म्हणजे आउटरिगरवर, जास्तीत जास्त 60 टन येत होते. खाली दीड बाय दीड मीटरची पोलादी प्लेट. म्हणजे चौरस मीटरला जवळपास 27 टन. व्हेन शिअर यंत्राने मोजलेली मातीची ताकद होती चौरस मीटरला 3 टन. अशी चिकणमाती साधारण त्याच्या पाचपट, म्हणजे 15 टनांवर हार मानते. प्लेट सरळ जमिनीवर ठेवली असती तर पुढचं सांगायला नको.

60 सेंटीमीटर गिट्टी टाकली तर भार खाली पसरत जातो, पण साध्या गिट्टीत एकास दोनच्या उताराने. मातीवर तरी 13-14 टन येतातच. म्हणजे हातात काही शिल्लक नाही. तळाशी जिओग्रिड, म्हणजे प्लास्टिकची कणखर जाळी, घातल्यावर डिझायनरने, उत्पादकाच्या चाचण्या बघून, 45 अंशांचा पसारा धरला आणि आकडा 8 टनांवर आला. बिनजाळीने तेवढंच साधायचं तर गिट्टीचा थर दुप्पट, 120 सेंटीमीटर लागला असता. क्रशरपासूनचं भाडं धरलं तर जाळी स्वस्तच पडली.

ही जाळी ज्याच्या डोक्यातून निघाली तो ब्रायन मर्सर हा इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नचा. त्याआधी त्याने प्लास्टिकची नेटलॉन जाळी काढली होती, तीच जी भाजी-फळांच्या पिशव्यांना वापरली जाऊ लागली. नंतर छिद्रं पाडलेलं जाड प्लास्टिक ताणून त्याने ही कणखर जाळी केली. पुष्कळांना वाटतं, ती झोळीसारखी भार तोलते. तसं नाही. दाबाखाली गिट्टी बाजूला सरकू बघते. जाळी तिला सरकू देत नाही, एवढंच तिचं काम.

आधी पांढरं नॉनवोव्हन कापड अंथरलं, नाहीतर चिखल गिट्टीत वर चढतो. त्यावर जाळीचे रोल. ते सारखे गुंडाळायला बघतात, म्हणून वाकवलेल्या सळईचे आकडे ठोकले. हायवा जाळीवर चढवायचा नाही, हे ड्रायव्हरला पटवण्यात सकाळ गेली. गिट्टी कडेला ओतून जेसीबीने पुढे ढकलत न्यायची. रोलर फिरल्यावर मी एका कोपऱ्यात हाताने उकरून पाहिलं. एक दगड जाळीच्या घरात अर्धा उतरून असा अडकला होता की ओढून निघेना. मुरूम असं धरत नाही, तो चुरतो. इथे कोनदार दगडच लागतो.

शेतमालक काका धुऱ्यावर बसून सगळं बघत होते. म्हणाले, “आमची बंडी फसली का आमी चाकाखाली पऱ्हाट्या टाकतो, थेच न जी हे?” मी म्हटलं, “तेच काका, फक्त हे कुजत नाही.”

उचलण्याच्या दिवशी प्लेटभोवती खुणा करून लेव्हल मशीन लावलं होतं. पहिल्या गर्डरला गिट्टीचा प्लॅटफॉर्म सेंटीमीटरभर बसला, दुसऱ्याला जेमतेम, नंतर थांबला. ऑपरेटरने केबिनमधून अंगठा दाखवला आणि आम्ही चहा मागवला.

खरी कटकट शेवटी झाली. जमीन मोकळी करून द्यायची होती. काकांना गिट्टी हवी होती, पांदण रस्त्यासाठी. जाळी अजिबात नको. “गिट्टी ठेवा जी, पन जाळीचा एक तुकडा रायला नाई पायजे. वखराच्या पासेत अडकते थे.” बरोबरच होतं त्यांचं. पोकलेनने ओढताना जाळी फाटत होती, म्हणून पोरांना लावून तुकडे वेचून घेतले. काका मागून फिरून तपासत होते आणि दोनदा त्यांनीच आम्हाला राहिलेला तुकडा दाखवला. पांदणीवर गिट्टी पसरून झाल्यावरच त्यांनी कागदावर सही केली.