राबता तुटला की

उर्दूत संपर्काला ‘राबता’ म्हणतात. वर्गात हा शब्द शिकवताना मी नातेवाइकांची उदाहरणे देत असे. हल्ली मुले आपसूक म्हणतात, “सर, वाय-फाय!”

अंबडला माझ्या आपाच्या घरी एक जुना लॅपटॉप आहे, दोन जीबी रॅमचा. त्यात विंडोज सात होते, त्याची मुदत १४ जानेवारी २०२० लाच संपलेली. भाची बारावीनंतर कॉलेजात गेली. महाडीबीटीचा शिष्यवृत्ती अर्ज भरायचा, कागदपत्रे ठरावीक केबीत बसवायची, हे सगळे मोबाइलवर करताना ती रडकुंडीला यायची. नेट कॅफेत गर्दी, त्यात संध्याकाळनंतर तिला एकटीला पाठवायला मेहुणे तयार नव्हते. मेहुण्यांशी त्यावर वाद घालण्यापेक्षा लॅपटॉप चालू करणे मला सोपे वाटले. मी त्यावर उबुंटूची हलकी आवृत्ती, लुबुंटू, टाकली. फुकट आहे, आणि कोणाची चोरीची प्रतही नाही. आमच्याकडे हा मुद्दा कुणी फारसा मनावर घेत नाही, मी घेतो.

सगळे चालले, फक्त वाय-फाय दिसेना. मेहुणे म्हणाले, “फुकटचं असंच असतं.”

अशा वेळी आधी दुखणे कुठे आहे ते पाहावे. टर्मिनल म्हणजे काळी खिडकी. तिच्यात ‘आरएफकिल लिस्ट’ लिहिले की वायरलेस बंद करून ठेवलेय का ते कळते. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ असेल तर हुकूम देऊन सुटते, ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर लॅपटॉपच्या कडेचे बटण शोधावे लागते. आमच्या यादीत वाय-फायचे नावच नव्हते. मग ‘एलएसपीसीआय’ हा हुकूम ‘एनएनके’ या पुरवणीसह दिला. कार्ड यादीत होते, पण त्याच्याखाली ‘ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नव्हती. म्हणजे गाडी दारात उभी आणि ड्रायव्हर गैरहजर.

असे का होते? काही चिप बनवणारे आपल्या चिपची माहिती उघड करत नाहीत. मग स्वयंसेवक ती चिप कशी वागते ते पाहून ड्रायव्हर लिहितात, नाहीतर कंपनीचे बंद सॉफ्टवेअर वेगळे आणावे लागते. डेबियनवाल्यांनी तर असे बंद फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यावे का, यावर २०२२ मध्ये मतदान घेतले. ‘घ्यावे’ असे ठरले आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आत आले. तत्त्वाला थोडी मुरड पडली खरी, पण माझे मतही त्याच बाजूचे. नेटच नसेल तर तत्त्व वाचणार कोण?

अडचण पुढेच होती. ड्रायव्हर नेटवरून आणायचा आणि नेट तर ड्रायव्हरवाचून नाही. माझा मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केले. लॅपटॉपने ते लगेच ओळखले. ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’मध्ये चिपचा ड्रायव्हर दिसला, तो निवडला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. घरच्या फायबरचे नाव यादीत उमटले. हुकूम सगळे भाचीनेच टाइप केले. मी नुसता शेजारी बसून चहा घेत होतो.

तिने वहीत सगळे टिपून ठेवले. खुलासा उर्दूत, उजवीकडून डावीकडे. हुकूम रोमनमध्ये, डावीकडून उजवीकडे. दोन्ही ओळी पानाच्या मध्यावर येऊन भेटतात.

अर्ज त्याच रात्री भरला. पंधरा दिवसांनी एक अपडेट आले, कर्नल बदलला आणि वाय-फाय पुन्हा गायब. बंद ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी नव्याने बांधला गेला नाही की असे होते. मला फोन आला तो रात्री नऊला.

“मामू, वाय-फाय गेलं होतं. सुरू करताना ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडला, नेट आलं, मग ड्रायव्हर परत टाकला. आता नव्यावरही चालतंय.”

“मग फोन कशाला केलास?”

“अब्बूंना त्यांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर पण हेच टाकून पाहिजे. तुम्ही रविवारी येता, की मीच टाकू?”