वादळानंतरचें हरिहरेश्वर

हरिहरेश्वराच्या वाड्यांतून चालतांना पूर्वीं माथ्याला ऊन म्हणून लागत नसे. वर माडांच्या झावळ्या, त्यांच्या खालीं पोफळी, पोफळींवर मिऱ्यांचे व पानांचे वेल, बुडाशीं पाटाचें पाणी. ती सावली वैशाखांतहि ओलसर असे. सन २०२२ च्या वैशाखांत आम्ही सहकुटुंब तेथें गेलों, तेव्हां त्याच वाटेवर आम्हांस छत्र्या उघडाव्या लागल्या.

ता. ३ जून २०२० रोजीं दुपारीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या याच किनाऱ्यावर चढलें. वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता. उडालेलीं कौलें व पत्रे कालांतरानें पुनः बसले, विजेचे खांबहि उभे राहिले. परंतु वाड्यांचें तसें नाहीं. पोफळ उंच व सडपातळ, तिचीं मुळें तंतुमय आणि वरवरचीं. माड पडला, तर तो खालच्या चार पोफळी घेऊनच पडतो. ज्या वाचल्या, त्यांचे हाल निराळे. डोक्यावरची सावली गेल्यामुळें त्यांचीं खोडें उन्हानें भाजतात, चिरतात आणि पुढें कधीं तरी मोडून पडतात. आपण शहरांतले लोक ‘वादळ येऊन गेलें’ असें म्हणतों. वाडींत तें येऊन बसलेलें असतें. श्रीवर्धनच्या ज्या रोठा सुपारीची एवढी ख्याति, तिचें रोप आज लावलें, तर फळ हातीं येण्यास सहा-सात वर्षें तरी जावीं लागतात.

खरें सांगावयाचें, तर आम्ही जाण्यास कचरत होतों. आमच्या नेहमींच्या यजमानांचा उन्हाळा २०२१ सालींहि रिकामाच गेला होता. सांथीमुळें निर्बंध होते, आणि मे महिन्यांत ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेलें. एप्रिल २०२२ पासून निर्बंध उठले, तेव्हां आम्ही दूरध्वनीवरून कळविलें, “यंदां आठ माणसांचा भार तुमच्यावर घालीत नाहीं.” पलीकडे थोडा वेळ कांहींच बोलणें झालें नाहीं. मग यजमान म्हणाले, “मास्तर, वाडी गेली ती गेली. आतां पाहुण्यांच्या पानांवरच घर चालावयाचें आहे. तुम्हीहि येणार नसाल, तर तसें स्पष्ट सांगा.” आम्ही आमच्या संकोचास सौजन्य समजत होतों! आम्ही त्याच दिवशीं येण्याची तारीख कळविली.

श्रीवर्धन हें पेशव्यांचें मूळ गांव आणि श्रीहरिहरेश्वर हें त्यांचें कुलदैवत, हें वाचकांस विदित आहेच. येथें प्रथम काळभैरवाचें दर्शन घ्यावयाचें, मग हरिहरेश्वराचें, आणि पुनः काळभैरवाचें, असा प्रघात आहे. प्रदक्षिणेची वाट मात्र देवळाभोंवतीं नाहीं, डोंगराभोंवतीं आहे. कड्याच्या खिंडींतून पायऱ्यांनीं ती थेट समुद्रांत उतरते. लाटांनीं खडकाला पोळ्यासारखीं भोंकें पाडलीं आहेत, तीं पाहून मुलें हरखून जातात. पण ही वाट ओहोटीचीच. किनाऱ्यावर पाऊणपटीचा एक हिशेब आहे. तिथीचा आंकडा पाऊणपट केला, कीं स्थूलमानानें पूर्ण भरतीची वेळ येते. तृतीयेस सव्वादोन, म्हणजे ओहोटी सकाळीं आठच्या सुमारास. आमच्या नातवाचा घड्याळापेक्षां पंचांगावर विश्वास बसला तो येथेंच! तथापि हिशेबावर विसंबून न जातां गांवच्या माणसास विचारल्याखेरीज कोणीं खालीं उतरूं नये. पाय घसरून व लाटेनें ओढून येथें माणसें गेलेलीं आहेत.

घरांत मात्र सर्व पूर्वींसारखें होतें. सकाळीं घावन, दुपारीं फणसाची भाजी व सोलकढी, ओटीवर आंब्यांची आढी. संध्याकाळीं यजमान नव्या रोपांना पाणी घालीत. प्रत्येक रोपाच्या नैर्ऋत्येस त्यांनीं केळ लावली होती. दुपारचें ऊन तिकडूनच येतें. वय सत्तरीच्या पुढें. फळाची गोष्ट त्यांनीं एकदांहि काढली नाहीं; “आधीं सावली धरूं दे,” एवढेंच म्हणत.

निघण्याच्या दिवशीं वहिनींनीं रीतीप्रमाणें आमच्या कुटुंबाची ओटी भरली. दरवर्षीं नारळ-सुपारी घरचीच असावयाची. या खेपेस त्या हळूच म्हणाल्या, “बाजारांतली आहे हो, घरची नाहीं.” आमच्या कुटुंबानें पदर आणखी पुढें केला. पुढील वैशाखासाठीं तीच माडीवरची खोली आम्ही सांगून आलों.