पेटी कधी चढत नाही

संपादकांनी फोनवर बजावलं, "तांत्रिक नको हं, वाचकांना झेपेल असं लिहा." माझं काम जुन्या ध्वनिमुद्रणांचं. लोकांच्या घरातल्या कॅसेटी, स्पूल, क्वचित तबकड्या येतात, त्यांतला आवाज मी संगणकावर उतरवून देते. यातून तांत्रिक वगळलं तर बिलाखेरीज काही उरत नाही. तेव्हा थोडं सोसा.

कॅसेटी बहुधा माणूस गेल्यावर येतात. वर्षश्राद्ध जवळ आलेलं असतं आणि मुलगा किंवा सून बुटांच्या खोक्यातून 'बाबांचा खजिना' घेऊन दारात उभी राहते. त्यात काय असणार हे मी खोकं न उघडता सांगू शकते. आकाशवाणीच्या शनिवार रात्रीच्या अखिल भारतीय कार्यक्रमातले मन्सूर, सवाई गंधर्व महोत्सवात शालीखाली टेपरेकॉर्डर लपवून घेतलेले भीमसेन. घरच्यांना मोल वाटतं ते याचं. मला विचाराल तर भीमसेन आणखी दहा ठिकाणी मिळतील. खरा ऐवज असतो बाजू संपता संपता, बाबा बटण दाबायला विसरलेले असतात तिथे. राग संपल्यावर "वा, काय जागा घेतली!" म्हणतात, मग आत वळून चहा झाला का विचारतात. त्या माणसाचा आवाज जगात तेवढाच उरलेला असतो, आणि नेमका तोच तुकडा घरचे "तो काढून टाका हो" म्हणतात.

दुसरी ठरलेली मागणी म्हणजे 'खरखर घालवा'. हल्ली मोबाइलवर फुकटात खरखर घालवणारी ॲप्स आहेत, आणि त्यातून निघालेला आजोबांचा आवाज बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा येतो. फितीची सळसळ जिथे असते, तिथेच तंबोऱ्याची जवारी असते आणि 'स', 'श'ची धारही असते. सळसळ सरसकट छाटली की पहिली जवारी जाते. मी खरखर थोडीच उतरवते आणि त्यावरून बोलणी खाते.

पण खरखर हा किरकोळ मुद्दा. खरा प्रश्न वेगाचा, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकायला हवी. मुद्रण करताना ती सावकाश सरकली तर ऐकताना आवाज चढा येतो. फरक सहा टक्क्यांचा झाला की काळी एक पांढरी दोन होते. आमच्यातले काही जण यावर तोडगा सांगतात: मुद्रणात विजेची गुणगुण शोधा, ती 50 हर्ट्‌झवर आणून बसवा, वेग आपोआप बरोबर. पुस्तकात छान वाटतं! पण 1980 च्या दशकात आपल्याकडची वीज 50 वर स्थिर होती कधी? संध्याकाळी भार वाढला की ती 49 च्याही खाली जायची. ती गुणगुण ओढून 50 वर नेली की आख्खं गाणं दोन टक्के वर जातं, म्हणजे सर्वांत लहान श्रुतीहून जास्त. ज्या माणसाने जन्मभर आपला षड्ज जपला, त्याचा षड्ज तो गेल्यावर आपण सरकवतो. हे मी परिसंवादांतही बोलले आहे. लोक माना डोलावतात आणि पुन्हा 50 च लावतात.

यंदा आलेल्या एका कॅसेटमध्ये तर गुणगुणही नव्हती. आजोबा बँकेतून निवृत्त झालेले, रोज संध्याकाळी पेटी घेऊन बसणारे. कॅसेट 90 मिनिटांची, वर त्यांच्याच तिरक्या अक्षरात 1991. आजोबा पेटी वाजवत गातायत, शेजारी सहा वर्षांची नात सरगम म्हणतेय. वीज गेलेली असावी, कारण मुद्रण सेलवर होतं. हे मला कळलं ते पेटीवरून. बाजू सुरू होताना षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध होता, आणि पंचेचाळीस मिनिटांनी तो पांढरी दोनच्याही वर गेला होता. गायक तापला की चढतो, दमला की उतरतो. पेटी कधी चढत नाही. म्हणजे सेल उतरत होते आणि फीत मंदावत होती. तो चढ मिनिटामिनिटाने मोजून सपाट करायला चिकाटी लागते, डोकं नाही. ते झालं. नातीची सरगमही जागेवर आली.

अडलं ते पुढे. सपाट करून षड्ज ठेवायचा कुठे? मुलगा म्हणाला, "बाबा काळी एकच्या वर गात नसत." नात आता चाळिशीच्या घरातली. ती म्हणाली, "माझ्याबरोबर बसले की आजोबा पांढरी दोन धरायचे, मला खालचा सा लागत नव्हता म्हणून." दोघांचंही पटण्यासारखं. त्या काळचे स्वस्त टेपरेकॉर्डर मुळातच दोन-तीन टक्के इकडेतिकडे चालायचे, त्यामुळे नुसत्या आकड्यांवरून निकाल लागेना. एकच साक्षीदार होता, ती पेटी. तिची एकेक पट्टी दाबून मोजली असती आणि मुद्रणातल्या सुरांशी ताडली असती तर हा वाद मिटला असता. सूर वर्षानुवर्षांत थोडे हलतात, पण अर्ध्या पट्टीने नाही. शिवाय प्रत्येक पेटीच्या सुरांमधली अंतरं थोडी वेगळी असतात, त्यामुळे तीच पेटी हवी. "ती कुठाय?" मी विचारलं. इमारत पुनर्विकासाला गेली, भाड्याच्या घरात जागा नव्हती, तेव्हा जुन्या सामानवाल्याला दिली. कोणाला, तेही आठवेना.

मी काळी एक लावली. वरच्या सुरात आजोबांचा 'आ' मला चिमटल्यासारखा वाटला. हा पुरावा नाही, कानाचा कौल आहे. नातीला तो पटला नाही. तिने पांढरी दोनची प्रत मागितली आणि मी दिली. एकाच माणसाच्या दोन प्रती एकाच घरात गेल्या, आणि त्यांतली एक चुकीची आहे, हे मला अजून टोचतं.

तेव्हा एक विनंती. कॅसेटी संगणकावर उतरवल्या तरी मूळ कॅसेटी टाकू नका आणि वेष्टनावरचं हस्ताक्षर सांभाळा. अन् घरातली पेटी काढायचीच असेल, तर देण्याआधी तिची एकेक पट्टी दाबून प्रत्येक सूर दहा-दहा सेकंद फोनवर मुद्रित करून ठेवा.