ओल्ड वॉर्डन : उडता ठेवलेला वारसा

लंडनच्या उत्तरेस बेडफर्डशायर परगण्यात, बिगल्सवेड गावाजवळ ओल्ड वॉर्डन हे लहानसे खेडे आहे. तेथील शटलवर्थ संग्रहालयात हिरवळीचे मैदान हीच धावपट्टी. जुनी विमाने येथे केवळ पाहण्यासाठी मांडलेली नाहीत. ती दुरुस्त करून उडविली जातात.

त्यांतील वडीलधारे म्हणजे १९०९ सालचे ब्लेरियो-११. याच जातीच्या विमानातून लुई ब्लेरियो यांनी त्या वर्षी २५ जुलैला इंग्लिश खाडी ओलांडली. येथील विमान १९१२ मध्ये अपघातात मोडले आणि लंडनमधील एका रेल्वेपुलाखाली पडून राहिले. १९३५ मध्ये ते रिचर्ड शटलवर्थ या हौशी तरुणाकडे आले व पुन्हा आकाशात गेले.

असे विमान उडते करणे हे घाईचे काम नव्हे. लाकडी सांगाड्याचा सांधा न् सांधा तपासावा लागतो. पंखांवर कापड शिवून, लेप देऊन ते ताठ करावे लागते. बाजारात न मिळणारा भाग हाताने घडवावा लागतो. पहिल्या महायुद्धकाळातील, पंख्यासह स्वतःही फिरणाऱ्या इंजिनांना वंगण म्हणून एरंडेल लागते. कारण ते पेट्रोलात सहज मिसळत नाही. आपल्या पेठांना परिचित असा तो वास उड्डाणाच्या दिवशी या इंग्लिश मैदानावर दरवळतो.

२ ऑगस्ट १९४० रोजी हवाई दलाच्या सेवेत असताना रिचर्डचा विमान अपघातात मृत्यू झाला. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. ज्या छंदाशी मुलाचा मृत्यू जोडला गेला, त्याकडे आई डोरोथी यांना पाठ फिरविता आली असती. त्यांनी १९४४ मध्ये मुलाच्या स्मरणार्थ विश्वस्त निधी स्थापिला आणि कौटुंबिक मालमत्ता शेती व विमानविद्येच्या शिक्षणासाठी दिली. १९६३ पासून संग्रह सर्वांना खुला झाला.

प्रत्येक उड्डाणात ही दुर्मिळ ठेव गमावण्याचा धोका असतोच; न उडविल्यास मात्र ती उडविण्याची आणि दुरुस्त करण्याची विद्या लोपेल. म्हणून येथे धोका नाकारीत नाहीत, मर्यादेत ठेवतात. ब्लेरियो वारा पडलेल्या संध्याकाळीच बाहेर येते आणि मैदानावरून थोड्या उंचीवर सरळ रेषेत जाऊन उतरते. वारा असेल तर दूरवरून आलेल्या पाहुण्यांसाठीही नियम मोडत नाहीत. उन्हाळ्यात उड्डाणाचा दिवस पाहून जाणाऱ्या प्रवाशाने सोबत थोडा धीरही न्यावा.