गोळ्या लिहिण्याआधी

रविवार. अंबरनाथ पूर्वेचा दवाखाना बंद. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणी-नूतनीकरणाला पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट लागतात, म्हणून व्याख्यानाला गेलो. निम्मे डॉक्टर जेवणानंतर पसार! विषय मात्र दारातला: थॅलेसेमिया. शेजारच्या उल्हासनगरात सिंधी वस्ती मोठी, आणि या समाजात बीटा थॅलेसेमियाचे वाहक जास्त.

हिमोग्लोबिन 10, एमसीव्ही 65, तांबड्या पेशी मात्र भरपूर. असा रिपोर्ट दिसला की आपला हात सवयीने लोहाच्या गोळ्यांकडे जातो. त्याआधी एचबीए2 तपासा: साडेतीन टक्क्यांच्या वर असेल, तर बहुधा थॅलेसेमियाचा वाहक. नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजाराची शक्यता 25 टक्के. डॉक्टरमित्रांनो, लग्नाआधी, निदान पहिल्या तिमाहीत तरी ही तपासणी लिहा.